अर्धा गुण वजा

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी काळ्या दगडाचा एक फलक आहे. त्या फलकात शुद्धलेखनाची एक ढळढळीत चूक आहे आणि ती मी केलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण चुकीच्या वेलांटीपाशी थांबून उसासा टाकणारी माणसं कोथरूडात अजून पुष्कळ शिल्लक आहेत आणि त्यांतली निम्मी माझ्या दाराची घंटा वाजवतात.

"फलकाचा मजकूर आपण तपासलात असं कळलं," असं म्हणतात. त्यातल्या 'आपण'वर असा काही जोर देतात, की माझी मराठी शिकवण्यातली चौतीस वर्षं त्या एका शब्दात पाण्यात जावीत. "नाव चुकलंय. 'हृषीकेश' हवं. तिथं 'ऋषिकेश' कोरलंय."

"माहीत आहे," मी म्हणते आणि दार लावून घेते.

ज्याचं ते नाव आहे, तो माझा विद्यार्थी आणि माझ्या वरच्या मजल्यावरचा मुलगा. कॅप्टन होता. सव्विसाव्या वर्षी सीमेवर लढताना गेला आणि गेल्यावर त्याला शौर्याचं पदक मिळालं. एवढं सगळं फलकावर आहे. फलकावर जे मावलं नाही, ते इथं लिहिते.

गावंडे मंडळी मूळची अकोल्याकडची. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले. ते सकाळी सातला जायचे, संध्याकाळी सातला यायचे, आणि मधल्या वेळात घराचा सगळा कारभार सुनंदाच्या, म्हणजे ऋषिकेशच्या आईच्या हाती असायचा. मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. तिथंच पाचवीला हा माझ्या वर्गात आला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी 'गावंडे हृषीकेश' असं म्हणाले, तर शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "ऋषिकेश."

"तेच म्हणतेय मी."

"नाही बाई, तुम्ही आधी ह म्हणताय."

"कारण आधी ह आहे. हृषीक म्हणजे इंद्रियं, ईश म्हणजे स्वामी. इंद्रियांचा स्वामी तो हृषीकेश. देवाचं नाव आहे ते. तू म्हणतोस तसं लिहिलं, तर त्याचा अर्थ होतो ऋषीचे केस."

वर्ग हसला. मला वाटलं, मिटलं. याच्या डोक्यावर मात्र कंगव्याला दाद न देणारं जंगल होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी नीट चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "मग बरोबरच आहे, बाई."

पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर त्यानं 'ऋषिकेश' लिहिलं. मी लाल शाईनं गोल केला, ह घातला, षि दीर्घ केली आणि समासात लिहिलं, 'नावात चूक. अर्धा गुण वजा.' 'वजा'खाली माझी नेहमीची फुकटची रेघ ओढली. दुसऱ्या चाचणीत पुन्हा तेच. सहामाहीत तेच. पाचवी ते दहावी, सहा वर्षं, मी शिकवत असलेल्या प्रत्येक इयत्तेत, त्यानं आपलं नाव चुकीचं लिहिलं आणि मी अर्धा गुण कापला. गंमत म्हणजे बाकीच्या मजकुरात चूक शोधून सापडायची नाही. 'आशीर्वाद' बरोबर, 'कनिष्ठ' बरोबर, 'पारंपरिक'सुद्धा बरोबर, जे आमच्या मुख्याध्यापकांना कधी जमलं नाही. फक्त नाव चूक.

मी एकदा सुनंदाला जिन्यात गाठून सांगितलं, "अहो, दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घ्या. अर्ज दिला की होतं."

"राहू द्या ना बाई," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "सवय झाली आता त्याले."

मी मनात म्हटलं, चालायचंच, यांच्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं कोणाला काय. मी तसं म्हटलं होतं हे आज लिहायला लाज वाटते, पण म्हटलं होतं.

शाळा पेठेत आणि घर कोथरूडला, त्यामुळे बस चुकली की तो माझ्या लूनाच्या मागच्या सीटवर बसून शाळेत यायचा. बस आठवड्यातून चार वेळा चुकायची. वाटेत आमचा एक खेळ असे. रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या चुका मोजायच्या. डावीकडच्या त्याच्या, उजवीकडच्या माझ्या. गाडी मी चालवत असल्यामुळे तो रोज जिंकायचा. एकदा तो मागून एवढ्या जोरात "शितपेय!" असं ओरडला, की मी कचकन ब्रेक दाबला. मागच्या स्कूटरवाल्यानं माझा यथेच्छ उद्धार केला. तेवढ्यात हा उतरून त्या दुकानात गेलासुद्धा.

"काका, पाटीवर 'शीत'मधला शी दीर्घ हवा."

दुकानदारानं हातातला पेपर खाली न घेता विचारलं, "प्यायचंय की वाचायचंय?"

परत येऊन तो गाडीवर बसला आणि कर्वे रस्ता संपेपर्यंत हसत राहिला. "सही उत्तर होतं, बाई," तो म्हणाला.

हा 'सही' आमच्या भांडणाचा दुसरा विषय होता. त्या सुमारास कॉलेजातल्या पोरांनी हा शब्द कुठून तरी उचलून आणला आणि ज्याला त्याला लावायला सुरुवात केली. वडा सही, सिनेमा सही, पाऊस सही. याच्या तोंडी तर तो दिवसातून शंभरदा.

"सही म्हणजे स्वाक्षरी," मी दर वेळी बजावत असे. "छान म्हण, उत्तम म्हण, झकास म्हण. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही."

"सही बोललात, बाई."

सोसायटीत त्याच्या नावावर बरीच प्रकरणं होती. त्यांतलं वहाणांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमचे सेक्रेटरी साठे हे सूचना लिहिण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. त्यांच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती, पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी आवार भरेल या भीतीनं त्यांनी फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'बाहेरील व्यक्तींनी वहाने आत आणू नयेत.' वाहनं म्हणायचं होतं. काना चुकून दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसला होता.

बाराव्या वर्षी या मुलाला ती चूक दिसली. एखाद्यानं काना जागेवर आणून ठेवला असता. यानं फक्त शेवटचं अक्षर बदललं. 'ने'चं 'णा' केलं. 'बाहेरील व्यक्तींनी वहाणा आत आणू नयेत.'

आता पुण्यात लेखी सूचना ही गोष्ट माणसं फार गांभीर्यानं घेतात. पूजेला आलेले साठ-सत्तर पाहुणे फाटकाशी थांबले, त्यांनी सूचना वाचली आणि निमूटपणे चपला, बूट, सँडल तिथंच काढून ठेवल्या. रस्त्यापर्यंत रांग गेली होती. वैशाखातली दुपार होती आणि आवारात नुकतीच खडी टाकलेली. साठ्यांचे नवे जावई, उंची पोशाखातले, खडीवरून जे नाचत आले, ते मी माझ्या गॅलरीतून पाहिलं. जावई वर जाऊन सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, तुमच्याकडची शिस्त फारच कडक आहे."

अर्ध्या तासात गुन्हेगार ठरला आणि साठे त्याला कानाला धरून माझ्याकडे घेऊन आले. मी खाली जाऊन फळा वाचला. 'वहाणा' हा शब्द अगदी शुद्ध होता. ण सुद्धा ण होता, न नव्हता. मी साठ्यांना म्हणाले, "त्यानं तुमच्या सूचनेतली चूक दुरुस्त केली आहे. वाक्य आता व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे." साठे माझ्याशी तीन महिने बोलले नाहीत. त्या पोराला मी रागावले, रीतीप्रमाणे, पण मनातल्या मनात त्याला अर्धा गुण परत दिला होता. मनातल्या मनातच दिला, हे इथं नोंदवून ठेवते.

पुढं दिवस बदलले. आमच्या सोसायटीतल्या बारा बिऱ्हाडांपैकी नऊ घरची मुलं कॉम्प्युटरच्या मागं लागली. जिन्यात भेटलेली माणसं भाजीच्या भावाऐवजी व्हिसाबद्दल बोलू लागली. साठ्यांचा मुलगा अमेरिकेला गेला आणि साठे तिथलं तपमान रोज फळ्यावर लिहू लागले. ऋषिकेश इंजिनिअर झाला आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागला. सुनंदानं सगळ्यांना पेढे दिले. तीन महिन्यांनी मी त्याला विचारलं, "काय काम असतं रे तुला तिथं?"

"सध्या बेंचवर आहे, बाई."

"काय केलंस आता?"

"काही केलं नाही म्हणून तर बेंचवर आहे. नवं काम येईपर्यंत तिथं नुसतं बसायचं असतं."

"बसायचं? आणि पगार?"

"तो देतात."

"मी तुला सहा वर्षं बाकावर उभं केलं ते फुकट गेलं म्हणायचं."

"हो ना बाई. तुमची पद्धत जुनी झाली."

आठव्या महिन्यात त्यानं ती नोकरी सोडली. कोणालाही न सांगता सैन्याच्या परीक्षा देऊन आला होता आणि अधिकारी म्हणून निवडला गेला होता. सोसायटीत हलकल्लोळ झाला. कोणी फेल झालं असतं तर एवढा झाला नसता. साठे कळवळून म्हणाले, "अरे, लोक बेंचवरून थेट अमेरिकेला जातात!"

"काका, मला बसायला जमतच नाही," हा म्हणाला. "बाईंनी उभं राहायची सवय लावलीय."

झालं. पुढचं वर्षभर सगळी सोसायटी माझ्याकडे अशी बघायची, की जणू मीच त्याला बोट धरून भरतीला घेऊन गेले होते.

त्या संध्याकाळी सुनंदा खाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी ठेवलेला चहा तिनं घेतला नाही. "एकच हाय बाई मले," ती म्हणाली. "तुमचं ऐकते तो. एकदा सांगून तर पाहा."

मी वर गेले आणि सांगितलं. चांगलं अर्धा तास सांगितलं. आईबापांचं वय काढलं, जबाबदारी काढली, माझा रक्तदाबही काढला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आजवर मी तुमचं नावाखेरीज सगळं ऐकलं. आता त्यात ही एक गोष्ट वाढवा." हसत होता, पण नजर हटवली नाही. मी खाली आले. चहा गार झाला होता, तो सुनंदानं तसाच पिऊन टाकला.

प्रशिक्षणाहून पहिल्यांदा आला तेव्हा दारातच टोपी काढून मान खाली घातली. डोकं पार तासलेलं. "बाई, केश गेले," तो म्हणाला. "आता नुसता ऋषी उरलोय."

मग पत्रं सुरू झाली. तोवर घरोघर ई-मेल आली होती, पण तो होता तिथं बर्फ होतं आणि फोन आठवड्यातून एकदा, तोही आईसाठी. 'आईशी बोलायला फोन पुरतो,' त्यानं लिहिलं, 'तुमच्याशी भांडायला कागद लागतो.' मी लगेच उत्तर धाडलं. सुरुवात अर्थातच 'चि. हृषीकेश यास' अशी आणि शेवटी त्याच्या पत्रातल्या चुकांची यादी, नाव धरून. त्यावर तो कधी अवाक्षर काढायचा नाही. पत्राखाली मात्र दर वेळी ठसठशीत 'ऋषिकेश'.

पत्रांत लढाईचं काही नसायचं. एकदा लिहिलं, 'इथं बर्फ पडतो की पडतं, हे कृपया कळवावे. तोपर्यंत मला हवामानाविषयी काहीही लिहिता येत नाही.' मी दोन दिवस शब्दकोश काढून बसले. बर्फ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हे इतकी वर्षं कोणी मला विचारलंच नव्हतं. शेवटी कळवलं, की दोन्ही चालतं. उत्तर आलं, 'सही. काल बर्फ पडला आणि पडलं.'

एका माघात, सकाळी अकराच्या सुमारास, साठ्यांनी माझ्या दाराची घंटा वाजवली. साठे म्हणजे एका वाक्यात तीन पोटवाक्यं बोलणारा माणूस. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आपला तो..." आणि पुढं त्यांना एकही शब्द सुचेना. वरून सुनंदाचा आवाज आला आणि मला कळलं. मी वर गेले. काय बोलले ते आठवत नाही.  माझ्याजवळ लागतील तेवढे शब्द असतात असा मला गर्व होता, तो त्या दिवशी उतरला.

दीड महिन्यानं त्याची ट्रंक आली. ती घेऊन नायक पवार म्हणून एक सैनिक आला होता, सांगलीकडचा, डावा हात गळ्यात बांधलेला. वर सगळं सांगून झाल्यावर सुनंदाच त्याला माझ्याकडे घेऊन आली. "बाईंना सांगा," ती त्याला म्हणाली. "त्यांना पन सांगा."

"तुमीच त्या बाई व्हय?" तो उभाच राहिला. "लई चेष्टेखोर होते साहेब. आमाला मराठी शिकवायचे. पत्रात काय चुकलं की अर्धा मार्क कापायचे. माजे लई कापले."

मग त्यानं सांगितलं. सीमेलगतच्या एका वस्तीत गोळीबार सुरू झाला, तेव्हा पवार आणि आणखी एक जण उघड्यावर जखमी होऊन पडले. साहेबांनी त्याला पहिल्या खेपेला ओढून आडोशाला आणलं. दुसरा अजून पडलेलाच होता.

"मी त्येंची बाही धरली बगा. म्हनलो, साहेब, आता नगा जाऊ. तर मला म्हनले, 'नगा नव्हे पवार, नका. अर्धा मार्क कमी.' आन गेले. त्यालाबी आनलं त्येंनी. माघारी येतायेताच लागलं. तरी सोडला न्हाई त्याला."

सुनंदा भिंतीला टेकून ऐकत होती. हे ती वर एकदा ऐकून आली होती, तरी पुन्हा ऐकत होती. "नगाच बरोबर हाय," ती पवारला म्हणाली. "तू बरोबर बोलला होतास बापा."

पदक जाहीर झालं आणि सोसायटीनं फाटकाशी फलक लावायचं ठरवलं. मजकूर साठ्यांनी लिहिला. 'लहानपणापासूनच शांत, सुशील व आज्ञाधारक असलेले' अशी त्याची सुरुवात होती. सभेत त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला.  वाचून झाल्यावर सुनंदानं आजूबाजूला पाहिलं.

"हे कोणाच्या पोट्ट्याचं लिहिलं?" तिनं विचारलं.

आणि ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग गावंडे हसले, मग मी. शेवटी साठ्यांनी स्वतःच ती ओळ खोडली. वातावरण सावरावं म्हणून ते म्हणाले, "एक सूचना मात्र हवी. फलकापाशी येणाऱ्यांनी वहाणा..." आणि तिथंच थांबले. चष्मा काढला आणि रुमाल शोधू लागले. रुमाल समोर टेबलावरच होता.

शेवटी ठरलं, की नाव, हुद्दा, वय, पदक एवढंच कोरायचं. शुद्धलेखन तपासून पाथरवटाला द्यायला कागद माझ्याकडे आला. मी तिथंच पेन काढलं आणि सवयीनं लिहिलं, 'कॅप्टन हृषीकेश गावंडे'. सुनंदानं माझ्या खांद्यावरून ते पाहिलं.  आणि ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सुनंदा आणि गावंडे दोघंही उभी होती. सुनंदाच्या हातात पत्रांचा गठ्ठा होता. ट्रंकेत सापडलेला. माझीच पत्रं होती, मी त्याला लिहिलेली. मी वरचं उघडलं.

'चि. हृषीकेश यास' यातल्या नावावर लाल शाईचा गोल होता. ह खोडला होता, षी ऱ्हस्व केली होती. समासात लिहिलं होतं, 'नावात चूक. अर्धा गुण वजा.' खाली गुण, दहापैकी साडेनऊ. अक्षर माझं. म्हणजे माझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल, 'वजा'च्या खालच्या माझ्या त्या फुकटच्या रेघेसकट. दुसरं पत्र पाहिलं, तेच. तिसरं, तेच. एकूण पंधरा पत्रं, चौदा वेळा साडेनऊ. शेवटच्या पत्रावर गुणच नव्हते. तिथं लाल शाईत शेरा होता, 'वारंवार सांगूनही सुधारणा नाही. पालकांना घेऊन येणे.'

मी वर पाहिलं.

"आलो बाई आम्ही," सुनंदा म्हणाली.

मी त्यांना बसा म्हणायचंही विसरले. तीच आत येऊन बसली आणि मग जी गोष्ट मला पाचवीच्या पहिल्या आठवड्यात कळायला हवी होती, ती तिनं सांगितली.

"नाव माह्या बाबांनी ठेवलं, याच्या आबांनी. चौथीच शिकले होते ते. बारशाच्या दिवशी कागदावर लिहून देल्लं, ऋषिकेश. त्यावरून दाखल्यावर चढलं. तुम्ही पहिल्यांदा लाल केलं ना, तवा मीच म्हटलं याले, बाईचं बरोबर हाय, बदलून टाक. तर मले म्हणे, आबांचा अर्धा मार्क जाते ना, जाऊ दे. मी दुसरीकडून भरून काढतो."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?" मी जवळजवळ ओरडलेच. "सहा वर्षं! मी एका म्हाताऱ्या माणसाचे गुण कापत बसले!"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणे, बाईंना कळलं तर त्या मार्क देऊन टाकतील. मग मजा काय राहिली?"

तेव्हा मी रडले. त्या दोघांच्या देखत, घळाघळा. वर्गात कोणी रडलं, की मी 'आधी नाक पूस, मग बोल' म्हणत असे. सुनंदानं मला तेच सांगितलं.

कागद परत काढला आणि नाव लिहिलं. सराव नसल्यामुळे हात अडखळला. पाथरवटाला म्हणाले, यात काडीचाही फरक करायचा नाही. त्यानं अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "बाई, 'हृ' कोरायचा वाचला बघा. लई किचकट असतो."

म्हणून तो फलक तसा आहे. परवाच नव्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ आले होते. सोबत शब्दकोश घेऊन आले होते, खूण घालून. दोन मजले चढून दमले होते, म्हणून मी दार न लावता त्यांना पाणी दिलं.

"चूक आहे हो ती," ते म्हणाले.

"चूक नाही," मी म्हणाले. "सही आहे."

त्यांना वाटलं म्हातारी पोरांसारखं बोलायला लागली. वाटू दे. सही म्हणजे स्वाक्षरी, हे मीच सांगत आले आहे.

एक गोष्ट मात्र मी सुनंदालाही सांगितलेली नाही. शेवटच्या सुट्टीहून तो परत निघाला ती सकाळ. रिक्षा फाटकाशी उभी होती. सुनंदा सामानाच्या पिशव्या पाचव्यांदा मोजत होती. आईबापांच्या पाया पडून तो माझ्याकडे आला, वाकला आणि उठताना हळूच म्हणाला, "बाई, एकदा तरी माझं नाव माझ्यासारखं लिहा ना. एका पत्रात. कोणाला दाखवणार नाही."

"आधी तू माझ्यासारखं लिही," मी म्हणाले.

"आधी तुम्ही."

"जा, उशीर होतोय."

तो रिक्षात बसला. रिक्षा सुरू झाली तसं त्यानं बाजूनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "बाई, माझा अर्धा गुण!"

"मिळणार नाही!" मीही तितक्याच जोरात ओरडले. साठ्यांनी खिडकी उघडून खाली पाहिलं.

तो हसला. आणि रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत हात बाहेर काढून, अंगठा आणि बोट जवळ आणून, एवढासाच, एवढासाच, अशी खूण करत राहिला.